मूल अभ्यासात अडतंय: शिक्षकांबरोबर सहा आठवड्यांचं काम कसं आखावं

पालक शिक्षकांना भेटतात ते बहुतेकदा गुणपत्रक हातात पडल्यावर. भेट दहा मिनिटांची. पालक म्हणतात, "घरी अभ्यासाला बसतच नाही." शिक्षक म्हणतात, "वर्गात लक्ष नसतं." दोघांनीही लक्ष द्यायचं ठरतं आणि पुढच्या चाचणीपर्यंत काहीच बदलत नाही. मूल नेमकं कुठे अडतं, हा प्रश्न त्या दहा मिनिटांत निघालेलाच नसतो. तो भेटीआधी सोडवून न्यावा लागतो, म्हणून खालच्या कामाचा जवळपास निम्मा भाग तयारीचा आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. घाई करणारे पालक थेट चौथ्या टप्प्याला सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

टप्पा १: आधी डोळे, कान आणि झोप

अभ्यासाचं काहीही ठरवण्याआधी डोळ्यांची आणि कानांची तपासणी करून घ्या. "टीव्ही तर नीट बघतो" ही तपासणी नव्हे. फळ्यावरून उतरवताना चुका होतात, पण पुस्तकातून उतरवताना होत नाहीत, असं दिसलं तर लांबचं नीट दिसत नसण्याची शक्यता मोठी. उलट, जवळचं वाचताना डोकं दुखणं, ओळ सुटणं, एक डोळा झाकून वाचणं हेही डॉक्टरांना सांगा.

कानाचं दुखणं जास्त फसवं असतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात द्रव साचतो आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. एका आठवड्यात नीट ऐकू येतं, दुसऱ्या आठवड्यात शब्दांच्या कडा पुसट होतात. वर्गात याचा अर्थ "मनात असलं की ऐकतो" असा लावला जातो.

झोपेचा हिशेब लिहून काढा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १०. पाच दिवस झोपायची आणि उठायची खरी वेळ नोंदवा. अंथरुणात शिरण्याची वेळ धरू नका.

सावधान: मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघतं, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही आणि मग काहीच न घडल्यासारखं पुढे चालू लागतं, असं वारंवार होत असेल तर ते दुर्लक्ष नसून फिटचा एक प्रकार असू शकतो. आधी येत असलेल्या गोष्टी विसरणं किंवा सगळ्याच विषयांत अचानक घसरण हीही थांबून बघण्याची लक्षणं नाहीत. डॉक्टरांकडे लगेच जा.

टप्पा २: दोन आठवडे मदत कमी, नोंदी जास्त

घरी पालक गृहपाठात इतकी मदत करतात की वही स्वच्छ, बरोबर आणि निरुपयोगी होते. शिक्षकांना त्या वहीत मूल दिसतच नाही. दोन आठवडे हे बदला.

गृहपाठाला वेळेची मर्यादा ठरवा. लहान वर्गांना २० मिनिटं, मधल्या वर्गांना ४० पुरतात. शाळेने वेगळी मर्यादा सांगितली असेल तर ती पाळा. वेळ संपली की जिथे पोचलं तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि बाजूला लिहा: "२० मिनिटांत इथपर्यंत." प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करा. 'स्व' म्हणजे स्वतः केलं, 'म' म्हणजे एखादा इशारा दिला, 'सां' म्हणजे उत्तरच सांगितलं. अपूर्ण वही पाठवायला जड जातं, पण शिक्षकांच्या दृष्टीने या दोन आठवड्यांतली ती सर्वांत उपयोगी वस्तू आहे. मात्र पहिल्याच दिवशी दोन ओळींची चिठ्ठी जोडून हे का करताय ते कळवा, नाहीतर मुलाला वर्गात शेरा मिळेल.

खोडरबरही बाजूला ठेवा. चूक एका रेघेने खोडायची, म्हणजे नंतर ती वाचता येते.

टप्पा ३: अडण्याची जागा शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, त्यामुळे इथे वेळ घाला. "गणित कच्चं आहे" ही माहिती नाही, तक्रार आहे. त्या तक्रारीच्या आत कुठलं कौशल्य तुटलंय ते शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. पुढचे चार प्रयोग करा. एका दिवशी एकच, आणि परीक्षेचा आव न आणता.

पहिला: वाचून दाखवा. मुलाला न सुटलेलं शाब्दिक उदाहरण तुम्ही मोठ्याने, सावकाश वाचा. त्याच्याकडे पुस्तक देऊ नका. आता उदाहरण सुटलं, तर अडचण वाचनात आहे, गणितात नाही. तरीही सुटलं नाही, तर तेच आकडे नुसत्या आकडेमोडीच्या रूपात द्या. आकडेमोड जमली तर कोणती क्रिया करायची हे ठरवण्यात अडतंय. आकडेमोडही चुकली तर आणखी खाली उतरा.

दुसरा: तोंडी विचारा. इतिहासाचं किंवा विज्ञानाचं जे उत्तर वहीत दोन ओळींत संपलं, तेच तोंडी विचारा. तोंडी पाच-सहा वाक्यं नीट आली तर त्याला ज्ञान आहे, ते कागदावर उतरत नाही. मग लेखनाचा वेग, पेन्सिलची पकड, शब्द लिहिताना लागणारा वेळ याकडे बघायचं.

तिसरा: चुकांचा सारखेपणा बघा. वहीतल्या वीस चुका एका कागदावर उतरवा. ५२ − ३८ = २६ आणि ४०३ − १८७ = ३८४ अशी उत्तरं असतील, तर मूल निष्काळजी नाही. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, अगदी शिस्तीत. त्याला हातचा घेणं समजलेलं नाही. असे शंभर सराव-प्रश्न दिले तर चुकीची रीतच पक्की होईल. शुद्धलेखनातही तेच. चुका फक्त जोडाक्षरांत आहेत, की ऱ्हस्व-दीर्घात, की शब्दाचं शेवटचं अक्षर गळतंय? प्रत्येकाचं काम वेगळं.

चौथा: एक मिनिट वाचन. पूर्वी न वाचलेला, त्याच इयत्तेचा उतारा घ्या. मूल वाचेल, तुम्ही दुसऱ्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर टिंब द्या. एका मिनिटानंतर थांबा. समजा ६२ शब्द वाचले आणि ९ चुकले. अचूक शब्द ५३, म्हणजे शंभरातले साधारण ८५. शंभरातले ९५ किंवा जास्त अचूक असतील तर तो मजकूर मूल एकटं वाचू शकतं. ९० ते ९५ असतील तर सोबत कुणी हवं. ९०च्या खाली असेल तर मजकूर अवघड आहे आणि त्यावर सराव केल्याने फक्त अंदाजाने वाचायची सवय लागते. वेगवेगळ्या दिवशी तीन उतारे घ्या आणि मधला आकडा धरा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

पडताळणी: इथपर्यंतचं काम झालं असेल तर तुम्हाला पुढचं वाक्य पूर्ण करता यायला हवं. "माझं मूल ____ करू शकतं, पण ____ आलं की अडतं." दुसऱ्या रिकाम्या जागेत विषयाचं नाव आलं तर टप्पा ३ पुन्हा करा.

टप्पा ४: भेट मागा, अडवू नका

शाळा सुटताना फाटकापाशी, पालकसभेच्या रांगेत किंवा इतर पालक असलेल्या ग्रुपवर हा विषय काढायचा नाही. शिक्षकांना तिथे खरं बोलता येत नाही आणि मुलाची गोष्ट चारचौघांत जाते. आधी वेळ मागा. निरोप साधारण असा:

"नमस्कार बाई. वाचनाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. घरी अनोळखी उतारा वाचताना शंभरातले पंधराएक शब्द चुकतात. तोच उतारा मी वाचून दाखवला की प्रश्नांची उत्तरं बरोबर येतात. वर्गात असंच दिसतं का, हे समजून घ्यायचं आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का? वही आणि नोंदी घेऊन येते."

या निरोपात दोष कुणाचाच नाही, प्रश्न एकच आहे आणि शिक्षकांना भेटीपर्यंत चार दिवस मुलाकडे त्या नजरेने बघता येतं. तो चार दिवसांचा अवधी मोलाचा आहे, म्हणून "उद्याच भेटा" असा आग्रह धरू नका.

सोबत काय न्यायचं: दोन आठवड्यांची वही, चुकांचा कागद, तीन उताऱ्यांचे आकडे, डोळे-कान तपासणीचा कागद. गेल्या पाच वर्षांची गुणपत्रकं नकोत. त्यांनी भेटीचा वेळ जातो.

टप्पा ५: वीस मिनिटांची भेट

पहिली पाच मिनिटं तुम्ही ऐका. "वर्गात नेमकं कुठे थांबतो असं तुम्हाला दिसतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. नंतरची पाच मिनिटं तुमचे कागद दाखवा. उरलेल्या दहा मिनिटांत ठरवाठरवी.

"वर्गात तर ठीक आहे" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. वर्गात शेजाऱ्याचं बघून, उत्तर पाठ करून किंवा हात वर न करून मूल सहज लपतं. घरी ते दमलेलं असतं. दोघांचंही निरीक्षण खरं असू शकतं. अशा वेळी विचारा, "मदतीशिवाय वर्गात लिहिलेलं एखादं पान बघू का?" आणि तुमच्या वहीतल्या पानाशेजारी ते ठेवा.

शिक्षकांकडून मागायच्या गोष्टी दोनच ठेवा, आणि त्या अशा असाव्यात की प्रत्येकीला दिवसाला एक मिनिट लागेल. जमणाऱ्या गोष्टी:

– बसायची जागा पुढे किंवा ऐकू येईल अशी.
– सूचना दिल्यावर "काय करायचंय, सांग बरं" एवढं एकदा विचारणं.
– वीसऐवजी दहा उदाहरणं, काठिण्य तेच.
– मोठ्याने वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी कळवणं.
– फळ्यावरचा मजकूर उतरवण्याऐवजी छापील प्रत.

"जरा जास्त लक्ष द्या" ही मागणी नाही. तिची अंमलबजावणी झाली की नाही हे ना शिक्षकांना कळतं ना तुम्हाला.

निघण्याआधी एक प्रश्न हमखास विचारा: "ही गोष्ट तुम्ही कोणत्या रीतीने शिकवता?" हातचा घेऊन वजाबाकी करण्याच्याही एकाहून अधिक रीती आहेत. शाळेत एक, घरी दुसरी आणि शिकवणीत तिसरी असेल तर मूल तिन्हींची खिचडी करतं आणि आधी येत होतं तेही जातं. शाळेची रीत एका कागदावर उतरवून घ्या. शिकवणी असेल तर तोच कागद तिथेही द्या. तुमची रीत जास्त सोपी असेलही, तरी हे सहा आठवडे ती बाजूला ठेवा.

मूल दहा-अकरा वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी त्याला आत बोलवा. तक्रारींची यादी त्याच्यापुढे पुन्हा वाचायची नाही. ठरलेलं सांगायचं आणि विचारायचं, "यातलं काय तुला नको वाटतं?" वर्गात सगळ्यांसमोर वेगळी वागणूक मिळणं मुलांना टोचतं. पुढच्या बाकाला नकार आला तर दुसऱ्या रांगेवर तडजोड करा.

त्याच दिवशी संध्याकाळी चार ओळींचा निरोप पाठवा: काय ठरलं, शाळेत कोण काय करणार, घरी काय होणार, पुन्हा कधी भेटायचं. हे टाळलं की दोन आठवड्यांत दोघांच्या आठवणीत दोन वेगळ्या भेटी तयार होतात.

टप्पा ६: एकच ध्येय, आकड्यात

वाचन, अक्षर, पाढे आणि वर्तन, चारही एकदम सुधारायला घेतलं तर काय उपयोगी पडलं ते कधीच कळत नाही. एक निवडा. निवडताना बाकीचं ज्यावर उभं आहे ते आधी घ्या. वाचन अडलेलं असताना शाब्दिक उदाहरणांवर मेहनत वाया जाते.

ध्येय असं लिहा: "सहा आठवड्यांनी अनोळखी उताऱ्यात मिनिटाला ५३ ऐवजी ६५ अचूक शब्द." किंवा: "हातच्याच्या दहा वजाबाक्यांपैकी आठ बरोबर, मदतीशिवाय." आकडा किती ठेवायचा ते शिक्षकांना ठरवू द्या, त्या वयाची बरीच मुलं त्यांनी पाहिलेली असतात. "वाचन सुधारणे" असं लिहिलेला कागद फाडून टाकायला हरकत नाही.

टप्पा ७: घरातली पंधरा मिनिटं

आठवड्यातून पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी. रविवारी दीड तास बसवून हिशेब जुळत नाही. थोडं थोडं आणि विसरायच्या बेतात आल्यावर पुन्हा आठवलेलं जास्त टिकतं.

वाचनासाठी क्रम:

१. शंभरातले ९५ शब्द येतील असा सोपा मजकूर घ्या. खालच्या इयत्तेचा असला तरी चालेल, फक्त इयत्तेचा आकडा दिसणार नाही असं बघा.
२. पहिली दोन मिनिटं दोघांनी एकत्र मोठ्याने वाचा. मग मूल एकटं वाचेल.
३. शब्दावर अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा. तोवर आलं नाही तर शब्द सांगा आणि पुढे चला. प्रत्येक शब्द फोडून वाचायला लावलं तर वाक्याचा अर्थ हरवतो.
४. अडलेल्यांपैकी पाचच शब्द कागदावर लिहा. शेवटी ते पुन्हा वाचायचे, आणि उद्या सुरुवातीला परत.
५. तोच परिच्छेद दुसऱ्यांदा वाचून थांबा.

वजाबाकीसाठी पहिले चार-पाच दिवस वहीत काही लिहायचंच नाही. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करून ५२ मधला एक जुडगा सोडायचा आणि मग ८ काढायचे. मुलाने "जुडगा सोडला म्हणून चार उरले" असं स्वतःहून म्हटलं की तीच कृती शेजारी आकड्यांत लिहायची. त्यानंतर रोज सहा उदाहरणं: चार हातच्याची, दोन बिनहातच्याची, मिसळून. मिसळली नाहीत तर मूल विचार न करता सगळीकडे हातचा घेऊ लागतं.

सावधान: या पंधरा मिनिटांत आवाज चढला तर तिथेच थांबा, नोंदीत "अर्धवट" लिहा. रोज असंच होत असेल तर बसणारी व्यक्ती बदला. आई-बाबांपैकी कुणालाच जमत नसेल तर आजी, मामा, मोठी ताई कुणीही चालेल, रीतीचा कागद मात्र तोच. पंधरा मिनिटं संपल्यावर "आणखी एकच" म्हणू नका. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवशी मूल बसायलाच कुरकुरतं.

टप्पा ८: नोंद आणि पंधरवड्याचा निरोप

एका पानावर चार रकाने पुरतात: तारीख, किती मिनिटं, काय केलं, आकडा. आकडा रोज मोजायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, नवा उतारा किंवा नव्या दहा वजाबाक्या. सरावात वापरलेलाच उतारा मोजणीला घेणं ही इथली नेहमीची चूक. आकडा झपाट्याने चढतो आणि परीक्षेत सगळे चकित होतात.

दर पंधरा दिवसांनी शिक्षकांना तीन ओळी: "दहापैकी आठ दिवस बसलो. ५३ वरून ५७. छापील प्रत मिळते त्या दिवशी घरी कमी दमलेला असतो." रोज निरोप पाठवले तर शिक्षक ते वाचणं सोडतात.

टप्पा ९: सहा आठवड्यांनी निर्णय

भेटीआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मोजा. तीसपैकी किती दिवस सराव झाला? वीसच्या खाली असेल तर रीत चालते की नाही हे सांगताच येणार नाही. ध्येय तेच ठेवून वेळ बदला. शाळेत ठरलेल्या दोन गोष्टी खरंच झाल्या का, हेही विचारा, पण जाब विचारल्यासारखं नको: "छापील प्रतीचं जमतंय का, की त्याऐवजी दुसरं काही सोपं पडेल?"

सराव झालाय आणि आकडा चढतोय, तर तेच चालू ठेवा. सराव झालाय, पण लागोपाठ चार मोजण्या ठरलेल्या गतीच्या (सहा आठवड्यांत ५३ वरून ६५, म्हणजे आठवड्याला दोन शब्द) खाली आहेत, तर बदल करा. मजकूर आणखी सोपा करा किंवा रीत बदला. दोन्ही एकदम नको. बदलानंतरही पुढच्या सहा आठवड्यांत आकडा जागचा हलला नाही, तर मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकांकडून मूल्यमापन करून घेण्याची वेळ आली.

मूल्यमापनाला "शिक्का बसेल" म्हणून वर्षभर लांबवणं फार महाग पडतं. वाचन, लेखन किंवा गणितातल्या अध्ययन अक्षमतेचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो, आणि त्या "मोठा झाला की जाईल" म्हणून जात नाहीत. योग्य रीतीने शिकवल्यावर मात्र मूल पुढे सरकतं. तुमच्या बारा आठवड्यांच्या नोंदी सोबत न्या. तपासणाऱ्याचं निम्मं काम त्यात झालेलं असतं. अहवाल हातात आला की निदानाचं नाव वाचून थांबू नका. "वर्गात काय बदलायचं, घरी काय बदलायचं, परीक्षेत काय सवलत हवी" या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच बैठकीत विचारून लिहून घ्या आणि तो कागद शिक्षकांना द्या.

बिनसलं तर

निरोपाला उत्तर आलं नाही तर एक आठवडा थांबा, एकदा आठवण करा. तरीही काही नाही, तर मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी शिक्षकांना तसं कळवा. मागून गेलेली तक्रार नातं मोडते, आणि मूल त्याच वर्गात उरलेलं वर्ष काढणार असतं. मुख्याध्यापकांपुढे नोंदी ठेवा आणि मागणी एकच करा: पुढच्या भेटीला त्यांनीही बसावं.

शाळेच्या दिवशीच पोटात दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही, तर वर्गात किंवा वाटेत कुणी त्रास देतंय का, याची विचारपूस आधी. ती गाठ सुटेपर्यंत वाचनाचे आकडे मोजण्यात अर्थ नाही.

ध्येय गाठल्यावर सराव एकदम बंद करू नका. चार आठवडे आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवा आणि महिन्याच्या शेवटी नव्या उताऱ्यावर पुन्हा मोजा. इयत्ता बदलताना नव्या शिक्षकांसाठी एक पान तयार करा: मूल काय करू शकतं, कुठे अडतं, कोणत्या दोन गोष्टींनी फरक पडला, कोणत्या करून पाहिल्या आणि उपयोग झाला नाही, शेवटचा आकडा आणि त्याची तारीख. हे पान शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात न देता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात द्या. तोवर शिक्षकांना चेहरा आणि नाव जुळलेलं असतं.